रणनीती प्रकल्पांतून राबवताना: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

संचालक मंडळाने रणनीती मंजूर केली आहे, तिचे सादरीकरण सगळ्यांना दाखवून झाले आहे, आणि ‘आता हे राबवा’ असे म्हणून ती तुमच्या हाती सोपवण्यात आली आहे, अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही एखाद्या विभागात चांगले काम करून इथवर आला असाल. प्रकल्प व्यवस्थापनाचे रीतसर प्रशिक्षण झालेले असेल किंवा नसेलही. हे काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे, ते आधीच सांगतो. रणनीती आणि प्रकल्प यांच्यातला दुवा सुरुवातीच्या काही आठवड्यांतच निसटतो, आणि एकदा तो निसटला की प्रकल्प कितीही शिस्तीत चालला तरी त्यातून व्यवसायाच्या हाती काही लागत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा दुवा टिकवण्यासाठी आहेत.

कामाला लागण्यापूर्वी हाताशी काय हवे

• रणनीतीचा मूळ दस्तऐवज. स्लाइडवर काम भागवू नका. स्लाइडमध्ये निष्कर्ष असतात, ते ज्या गृहीतकांवर उभे आहेत ती नसतात.
• सध्या चालू असलेल्या सर्व प्रकल्पांची यादी. कोणीतरी वरिष्ठांनी तोंडी सांगितले म्हणून सुरू झालेली कामेही त्यात यायला हवीत.
• कोणता माणूस कोणत्या कामावर किती वेळ देतो याचा अंदाज, आणि तो त्या माणसालाच विचारून घेतलेला.
• खर्चाला मंजुरी देण्याचे अधिकार कोणाकडे, किती रकमेपर्यंत आहेत, याचा कागद.
• मागच्या दोन-तीन प्रकल्पांच्या ठरलेल्या आणि प्रत्यक्ष तारखा. संस्थेत याहून प्रामाणिक दस्तऐवज क्वचितच सापडतो.
• एक साधी एक्सेल शीट. सॉफ्टवेअरची निवड नंतर करता येते. आधी सॉफ्टवेअर घेऊन मग त्यात काय भरायचे याचा विचार करणाऱ्या संस्था मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

१. रणनीतीतल्या प्रत्येक वाक्यामागचा आकडा शोधा

‘ग्राहकांचा अनुभव उंचावणे’ किंवा ‘नव्या बाजारपेठेत भक्कम स्थान निर्माण करणे’ अशी वाक्ये रणनीतीत असतातच. त्यांत गैर काही नाही, पण अशा वाक्यावरून थेट प्रकल्प आखला तर तो सफल झाला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही, आणि या संदिग्धतेचा फायदा घेऊन प्रत्येक विभाग आपले जुने, रखडलेले काम त्यात बसवून घेतो. म्हणून प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा: कोणता आकडा बदलायचा आहे, तो आज किती आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंत तो किती व्हायला हवा.

मग पहिले वाक्य असे लिहिले जाईल: तक्रार नोंदवल्यापासून ती निकाली निघेपर्यंतचा सरासरी कालावधी आज ९ दिवस आहे, तो वर्षअखेरीस ४ दिवसांवर आणायचा, आणि तसे करताना पुन्हा उघडाव्या लागणाऱ्या तक्रारींचे प्रमाण वाढू द्यायचे नाही. यातली शेवटची अट विसरू नका. एकच आकडा समोर ठेवला की माणसे तो गाठण्याची सर्वांत सोपी वाट शोधतात, आणि तक्रार न सोडवताच तिच्यावर ‘निकाली’ असा शेरा मारणे ही इथली सर्वांत सोपी वाट आहे.

अँडी ग्रोव्ह यांनी १९७० च्या दशकात इंटेलमध्ये रुजवलेली आणि १९९९ पासून गूगलने स्वीकारलेली ‘ओकेआर’ पद्धत याच धाटणीची आहे: वर शब्दांत मांडलेले उद्दिष्ट, आणि त्याखाली मोजता येतील असे मोजके परिणाम. पद्धतीचे नाव कोणते घेता याला महत्त्व नाही. मात्र आजचा आकडा कोणालाच ठाऊक नाही असे आढळले, आणि हे वारंवार आढळते, तर तुमचा पहिला प्रकल्प मोजणी सुरू करण्याचा आहे हे निःसंकोच सांगा.

२. नवे सुरू करण्यापूर्वी जुन्याची छाटणी करा

ही पायरी सर्वांना पटते आणि फार थोडे ती पार पाडतात. रांगांच्या गणितात जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे: हाती असलेल्या कामांची संख्या म्हणजे कामे पूर्ण होण्याचा वेग गुणिले एका कामाला लागणारा सरासरी कालावधी. तुमच्या संस्थेत १२ प्रकल्प चालू असतील आणि वर्षाला ६ पूर्ण होत असतील, तर सरासरी प्रत्येक प्रकल्पाला २ वर्षे लागणार. वेग तोच ठेवून एका वेळी ६ च प्रकल्प हाती घेतले, तर तोच प्रकल्प एका वर्षात पूर्ण होईल. माणसे तीच, पैसा तोच. ज्या रणनीतीला वर्षभरात परिणाम दाखवायचा आहे, तिच्यासाठी हा फरक जिवंत राहण्याचा आणि बाद होण्याचा आहे.

यादीतील प्रत्येक प्रकल्पासमोर पहिल्या पायरीतला कोणता आकडा तो हलवणार आहे हे लिहा. ज्यांच्यासमोर काहीच लिहिता येत नाही त्यांत दोन प्रकार निघतील. कायदेशीर किंवा सुरक्षेच्या कारणासाठी करावेच लागणारे काम वेगळे ठेवा. उरलेल्यांना थांबवण्याचा प्रस्ताव मांडा. यादीचे तीनच भाग ठेवा: चालू, रांगेत आणि बंद.

सापळा: ‘रांगेत’ टाकलेल्या प्रकल्पाच्या बैठका चालूच राहतात, त्यावर ‘थोडेसे’ काम होत राहते, आणि वर्षभराने तो पुन्हा चालू प्रकल्पांत जाऊन बसलेला दिसतो. रांगेत म्हणजे त्यावर कोणाचाही एक तासही खर्च होणार नाही, हे लेखी घ्या.

३. माहीत असलेले काम आणि शोधण्याचे काम वेगळे ओळखा

माझ्या मते संपूर्ण लेखातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. रणनीतीतून निघणारे प्रकल्प वरवर सारखे दिसतात, पण त्यांतल्या काहींमध्ये काय करायचे हे ठाऊक असते आणि प्रश्न फक्त कधी व कितीत एवढाच असतो. गोदाम दुसरीकडे हलवणे किंवा हिशेबाची प्रणाली बदलणे हे त्यातले. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे नवोपक्रमात, ग्राहकाला ही वस्तू हवी आहे का, ती या किमतीत तयार होईल का, हेच ठाऊक नसते. पहिल्याला वेळापत्रकाची शिस्त लागते. दुसऱ्याला गृहीतके तपासण्याची शिस्त लागते. दोन्हींना एकच फॉर्म, एकच आढावा बैठक आणि एकच मोजपट्टी लावली, की नवोपक्रमाचा चमू वर्षभराचे खोटे वेळापत्रक बनवून देतो आणि मग ते पाळण्यात शक्ती घालवतो.

याचे ठळक उदाहरण इरिडियम या उपग्रह दूरध्वनी प्रकल्पाचे आहे. ६६ उपग्रहांचे जाळे अवकाशात उभारणे हे अवाढव्य तांत्रिक काम पार पडले आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरूही झाली. ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. जगभर फिरणारे व्यावसायिक हा महागडा, अवजड आणि इमारतीच्या आत नीट न चालणारा फोन घेतील, हे मूळ गृहीतक उपग्रह तयार होत असतानाच्या वर्षांत साध्या मोबाइल जाळ्यांच्या प्रसारामुळे कालबाह्य होत गेले होते. पुढे तेच उपग्रह नव्या मालकांकडे जाऊन लष्कर, जहाजे आणि दुर्गम भागांत काम करणाऱ्यांसाठी उपयोगी ठरले. तंत्र तेच राहिले, ग्राहक कोण याचे उत्तर तेवढे बदलले.

तेव्हा नवोपक्रमाच्या प्रकल्पात पहिल्याच आठवड्यात गृहीतकांची यादी करा आणि प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहा: हे चुकीचे निघाले तर प्रकल्प किती कोसळतो, आणि याला आज आपल्याकडे पुरावा किती आहे. ज्याचे परिणाम सर्वांत मोठे आणि पुरावा सर्वांत कमी, ते गृहीतक सर्वांत आधी तपासायचे. तांत्रिक चमूचा कल याच्या उलट असतो, कारण जे जमते ते आधी करावेसे वाटते. त्यामुळे दिसायला प्रगती होत राहते आणि निर्णायक प्रश्न शेवटासाठी शिल्लक राहतो.

४. एक पानाचा चार्टर आणि खरा प्रायोजक मिळवा

चार्टर म्हणजे प्रकल्पाचा जन्मदाखला. तो एका पानात बसवा. लांबलचक चार्टरवर सगळे सही करतात आणि वाचत कोणी नाही. त्यात पुढील गोष्टी हव्यात:

• कोणता आकडा, कुठून कुठे, कधीपर्यंत
• प्रकल्पात काय येते आणि, तितकेच स्पष्टपणे, काय येत नाही
• अंदाजपत्रक आणि ते ओलांडण्याची परवानगी कोण देणार
• प्रमुख गृहीतके
• कोणत्या परिस्थितीत हा प्रकल्प थांबवायचा
• प्रायोजकाचे नाव

‘काय येत नाही’ ही ओळ लिहिताना वाद होतील. होऊ द्या; तेच वाद सहा महिन्यांनी झाले तर प्रत्येकाची किंमत मोजावी लागते.

प्रायोजक म्हणजे बैठकीच्या अध्यक्षस्थानी बसणारी व्यक्ती नव्हे. जिच्याकडे पैसा देण्याचा, दोन विभागांतला वाद मिटवण्याचा आणि प्रकल्प बंद करण्याचा अधिकार आहे, आणि प्रकल्पाच्या परिणामाबद्दल जिला जाब विचारला जाणार आहे, ती प्रायोजक. चाचणी सोपी आहे. त्यांच्याकडे जाऊन सांगा की अमुक दोन विभागप्रमुखांपैकी एकाचाच माणूस आपल्याला पूर्णवेळ मिळू शकतो, निर्णय तुम्ही द्यावा. ‘तुम्ही आपसात ठरवा’ असे उत्तर आले, तर तुम्हाला अजून प्रायोजक मिळालेला नाही.

५. कामाची फोड करा आणि मगच तारीख द्या

माहीत असलेल्या कामाच्या प्रकल्पात अंतिम फलितापासून सुरुवात करून ते लहान भागांत फोडत जा. एका भागाला एकच जबाबदार व्यक्ती आणि साधारण दोन आठवड्यांच्या आत तपासता येईल असे फलित असेल, तिथे थांबा. त्यानंतर कोणते काम कशावर अवलंबून आहे ते जोडा. अशा साखळ्यांपैकी सर्वांत लांब साखळी म्हणजे ‘क्रिटिकल पाथ’. तिच्यातल्या कामाला एक दिवस उशीर झाला की प्रकल्पाला एक दिवस उशीर होतो. ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपॉन्ट कंपनीत आकाराला आली, आणि त्याच सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी ‘पर्ट’ हे तिचे भावंड जन्मले. आढाव्यात तुमचे अर्धे लक्ष या एका साखळीवरच असू द्या.

कालावधीचा अंदाज विचारताना एकच आकडा मागू नका. सगळे सुरळीत झाले तर किती, साधारणपणे किती आणि सगळे बिघडले तर किती, असे तीन आकडे घ्या. ‘पर्ट’मधले सूत्र मधल्या आकड्याला चौपट वजन देते आणि बेरजेला ६ ने भागते. उत्तरे ६, ९ आणि २४ दिवस अशी आली, तर ६ अधिक ३६ अधिक २४ म्हणजे ६६, आणि त्याला ६ ने भागून ११ दिवस. पण मला या सरासरीपेक्षा तो २४ चा आकडा अधिक मोलाचा वाटतो. ‘२४ कशामुळे लागतील?’ असे विचारा, म्हणजे समोरची व्यक्ती पुरवठादाराबद्दल, मंजुरीबद्दल, रजेवर जाणाऱ्या सहकाऱ्याबद्दल जे सांगेल ते एरवी तुम्हाला उशीर झाल्यावरच कळले असते.

आपल्या योजनेबद्दल माणूस नेहमीच जास्त आशावादी असतो, हे मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. सिडनी ऑपेरा हाऊसचा सुरुवातीचा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि १९६३ मध्ये पूर्तता असा होता. ते १९७३ मध्ये खुले झाले आणि खर्च १०.२ कोटी डॉलरवर गेला. यावर उपाय म्हणून सुरुवातीला सांगितलेला मागच्या प्रकल्पांच्या तारखांचा कागद काढा. मागचे तीनही प्रकल्प दीडपट वेळ घेऊन संपले असतील, तर ‘या वेळी तसे होणार नाही’ म्हणणाऱ्याने कारण द्यायला हवे.

सापळा: कामाची फोड होण्यापूर्वीच वरिष्ठांना तारीख सांगणे. बैठकीत सहज सुचवलेली तारीखही इतिवृत्तात वचन म्हणून नोंदली जाते. ‘फोड करून अमुक दिवशी तारीख देतो’ हे उत्तर द्यायला शिका; त्यासाठी दिलेला दिवस मात्र चुकवू नका.

६. प्रकल्प फसला आहे असे समजून बैठक घ्या

‘काय धोके आहेत?’ असे विचारले की लोक पुस्तकी उत्तरे देतात. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ‘प्रीमॉर्टम’ ही युक्ती अधिक उपयोगी पडते: एक वर्ष उलटले आहे आणि प्रकल्प साफ फसला आहे असे सगळ्यांनी मानायचे, आणि प्रत्येकाने तो का फसला ते दहा मिनिटांत कागदावर लिहायचे. फसणे आधीच मान्य केलेले असल्यामुळे शंका काढणारा माणूस विरोधक ठरत नाही. वाचन सर्वांत कनिष्ठ व्यक्तीपासून सुरू करा. हाती आलेल्या कारणांतली पाच-सहा निवडून प्रत्येकासमोर जबाबदार व्यक्ती, धोक्याची पहिली खूण आणि ती दिसल्यावर काय करायचे हे लिहा. रिस्क रजिस्टर, म्हणजे धोक्यांची नोंदवही, एवढेच असावे. पन्नास ओळींचे रजिस्टर कोणी उघडत नाही.

७. नवोपक्रमाला पैसा हप्त्याने द्या

शोधण्याच्या कामाला वर्षभराचा निधी एकदम मंजूर करून घेणे तुम्हाला सोयीचे वाटेल, पण तसे करू नका. निधी टप्प्यांत मागा आणि प्रत्येक टप्प्याच्या दारात एकच प्रश्न ठेवा: मागच्या वेळी ज्या गृहीतकाची शंका होती त्याबद्दल आता आपल्याला काय कळले? उत्तरे तीनच असावीत: पुढे जा, दिशा बदला, थांबा. निकष टप्पा सुरू होण्यापूर्वी लिहा. उदाहरणार्थ, प्रायोगिक सेवा वापरलेल्या ग्राहकांपैकी किमान एक चतुर्थांश ग्राहकांनी दुसऱ्या महिन्यात स्वतःहून पैसे भरले नाहीत, तर थांबायचे. टप्पा संपल्यावर निकष ठरवायला बसलात तर जो आकडा आला असेल तोच पुरेसा वाटू लागतो.

थांबवणे कठीण जाते ते आतापर्यंत झालेल्या खर्चामुळे. तो खर्च कोणताही निर्णय घेतला तरी परत येणार नसतो, त्यामुळे निर्णयाच्या टिपणीत तो लिहूच नका. इथून पुढे लागणारा पैसा आणि त्यातून अपेक्षित लाभ एवढेच लिहा. लवकर थांबवलेल्या प्रकल्पाच्या चमूला पुढचे चांगले काम मिळाले पाहिजे, याची तजवीज प्रायोजकाकडून आधीच करून घ्या. ज्या संस्थेत प्रकल्प बंद होणे हा वार्षिक मूल्यमापनातला डाग ठरतो, तिथे एकही चमू स्वतःहून ‘थांबा’ म्हणणार नाही.

८. आढावा आकड्यांवर घ्या, आणि बदलाला दार ठेवा

‘८० टक्के काम झाले’ हे वाक्य स्वीकारू नका. असे काम पुढचे कित्येक आठवडे ८० टक्क्यांवरच राहते. भाग पूर्ण झाला आहे किंवा नाही, एवढेच नोंदवा. त्यातून ‘अर्न्ड व्हॅल्यू’चा, म्हणजे झालेल्या कामाच्या अंदाजपत्रकातील किमतीचा, साधा हिशेब करता येतो. एकूण अंदाजपत्रक १०० माना. आजपर्यंत ५० चे काम व्हायचे होते, प्रत्यक्षात ४० चे झाले आणि खर्च ६० झाला. म्हणजे वेळेच्या बाबतीत तुम्ही ४० भागिले ५०, अर्थात ०.८ वर आहात (१ म्हणजे ठरल्याप्रमाणे, त्याहून कमी म्हणजे मागे), आणि खर्चाच्या बाबतीत ४० भागिले ६०, अर्थात ०.६७ वर. हीच गती राहिली तर १०० चे काम १५० ला पडेल. नुसता खर्चाचा तक्ता पाहिला असता तर ‘६० टक्के निधी वापरला’ एवढेच दिसले असते.

प्रकल्प चालू असताना मागण्या येणारच. त्या नाकारू नका आणि तोंडी स्वीकारूही नका. प्रत्येक मागणीवर तिचा वेळेवर, खर्चावर आणि पहिल्या पायरीतल्या आकड्यावर होणारा परिणाम तीन ओळींत लिहा आणि निर्णय प्रायोजकाकडून घ्या. एवढे लिहायला सांगितले की निम्म्या मागण्या मागणारेच परत घेतात.

उशीर दिसू लागला की माणसे वाढवण्याचा प्रस्ताव हमखास येतो. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी लांबतो, हे फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये आयबीएममधील अनुभवावरून सांगितले. ५ जणांत आपसात बोलण्याच्या जोड्या १० असतात, १० जणांत ४५ होतात. शिवाय नव्यांना शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो. बहुतेक वेळा व्याप्ती कमी करणे हा अधिक चांगला उपाय असतो, आणि काय गाळायचे हे ठरवताना पुन्हा तोच आकडा कामी येतो.

९. हस्तांतर आणि नंतरची मोजणी

प्रणाली सुरू झाली, फीत कापली गेली, की चमू विखुरतो. आकडा मात्र त्यानंतर हलायचा असतो. म्हणून हस्तांतराच्या कागदात रोजचे काम कोण चालवणार, त्यांचे प्रशिक्षण झाले का, अडचण आल्यास पहिले काही आठवडे कोणाला विचारायचे, आणि न झालेली कामे कोणती, हे सर्व नावानिशी लिहा. अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा तक्ता पूर्ण करून पुढच्या प्रकल्पासाठी जपून ठेवा.

साधारण सहा महिन्यांनी ठरलेला आकडा पुन्हा मोजला गेला पाहिजे, आणि तो प्रकल्पाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने मोजावा. वित्त विभागातले कोणी असल्यास उत्तम. आकडा हलला नसेल तर प्रकल्प वेळेत पूर्ण झाला तरी गृहीतक चुकले होते, आणि ती माहिती रणनीतीच्या पुढच्या आढाव्यात जायला हवी. या मोजणीची तारीख आणि ती बैठक बोलावणाऱ्याचे नाव हस्तांतराच्या कागदावरच लिहून सही घ्या, कारण तोपर्यंत तुम्ही स्वतः दुसऱ्या प्रकल्पावर गेलेले असाल.